पायरीवरची कुलपं

ता. ३ मार्च

ती. ताईस नमस्कार,

फोन करत नाही, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. गेल्या खेपेला मी "गाडी" एवढंच म्हणालो आणि तू फोन ठेवलास. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील. दूधगाडीवाला रोज आमच्याकडून तुमच्याकडे जातो, त्याच्या हाती हे पत्र आणि एक खोकं देतो आहे. खोकं जड आहे, दोन हातांनी उचल.

दाजींना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा ट्रक अजून तुझ्या दारात उघड्यावर उभा असतो हे आठवलं की मी उठून माझ्या दुकानाची कुलपं पुन्हा तपासून येतो. ह्या महिन्यात आमच्या रस्त्यावरच्या दोन गाड्या गेल्या. एक तर मालक समोर बसून चहा पीत असताना गेली. त्याला वाटलं, आपलाच ड्रायव्हर नेतो आहे. त्याने हात हलवून निरोपही दिला.

खोक्यात तीन कुलपं आहेत : एक स्टिअरिंगचं, एक गिअरचं, एक पेडलचं. प्रत्येकाच्या तीन किल्ल्या : एक तुला, एक ड्रायव्हरला, एक मी ठेवून घेतली आहे. माझ्या दुकानातला उत्तम माल आहे, समोरच्या दुकानातला नव्हे. समोरच्याची कुलपं हेअरपिनने उघडतात हे मी गिऱ्हाइकांना फुकट दाखवतो. आता नियम नीट वाच. दर आठवड्याला प्रत्येक कुलपात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घालायचा, फडक्याने पुसायचं, आणि काढून ठेवलं तरी बंद करूनच ठेवायचं. उघडं ठेवलेल्या कुलपाची स्प्रिंग मरते. मी आयुष्यात एकही कुलूप उघडं ठेवलेलं नाही.

गाडीची दुसरी किल्ली माझ्याकडे पाठवून दे. घरात दोन किल्ल्या ठेवणं बरं नव्हे. तुझ्या त्या ड्रायव्हरवरही लक्ष ठेव. जो माणूस कधी घाई करत नाही तो काहीतरी विचार करत असतो.

खडीवाल्याने परत विचारलं. गाडी आहे तशी घ्यायला तो तयार आहे. बाईमाणसाने ट्रक सांभाळायचा म्हणजे डोक्याला ताप, असं तोही म्हणाला.

तुझा,
भाऊ

---

ता. ६ मार्च

चि. कुलूपबहाद्दरास अनेक आशीर्वाद,

खोकं मिळालं. मला वेडीला वाटलं, भावाने बहिणीला काही खायला पाठवलं. दात थोडक्यात वाचले.

सावकाशने काल तिन्ही कुलपं बसवली. लोक त्याला सावकाश का म्हणतात तुला माहीत आहेच. तीस वर्षांत त्याने उभ्या गाड्या सोडून कुणालाही मागे टाकलेलं नाही. आज सकाळी त्याने कुलपं काढायला घेतली. स्टिअरिंगचं निघालं. गिअरचं निघालं. पेडलचं काढायला तो सीटखाली वाकला आणि तिथेच अडकला. त्याची कंबर धरली. मी पाय धरून ओढला तेव्हा कुठे मोकळा झाला. फरशीच्या कारखान्यात पोचायला दीड तास उशीर झाला. तिथला मुकादम म्हणाला, आम्हाला वाटलं गाडी चोरीला गेली. तुझ्या कुलपांची ही पहिली कमाई.

तेल मी घालणार नाही. मला घरात दुसरी कामं आहेत. किल्ली मात्र पाठवते आहे. मागे एकदा तुझं ऐकलं नाही तर वर्षभर फुगून बसला होतास, आता ह्या वयात ते माझ्याच्याने सोसवायचं नाही.

आणि खडीवाल्याचं नाव परत काढू नकोस. गाडी चौदा वर्षांची आहे, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो, सगळं मान्य. पण सकाळी ती फाटकातून बाहेर पडते तेव्हा मी कुणाची विधवा बहीण नसते, गाडीची मालकीण असते. ती गेली तर मी तुझ्या मागच्या खोलीत बसून तुझ्या बायकोला भाजी निवडून देणार, एवढंच उरतं. ते मला नको आहे. स्पष्ट लिहिलं, राग मानू नकोस. मानलास तरी चालेल.

तुझी ताई

---

ता. ११ मार्च

ती. ताईस नमस्कार,

किल्ली पोचली. पहिल्यांदा शहाणपणा केलास.

सोबत भोंगा पाठवतो आहे. गाडीला परक्याचा हात लागला की तीन गल्ल्या जाग्या होतील. शिवाय मी तयार केलेला एकतीस प्रश्नांचा सुरक्षा-तपासणी तक्ता जोडला आहे. खडीवाल्याच्या खाणीच्या बाराही फाटकांसाठी मी असाच तक्ता केला आणि तो माणूस थक्क झाला. एकही रकाना मोकळा सोडू नकोस. सगळं तुझ्या भल्यासाठी विचारतो आहे.

तुझा,
भाऊ

---

ता. १९ मार्च

चि. चौकशी अधिकाऱ्यास आशीर्वाद,

आधी भोंग्याचं सांगते. तो मांजर बसलं की वाजतो, शेजारचे मास्तर शिंकले की वाजतो, परवा कुणीही काहीही केलं नाही तरी वाजला. चोर सोडून सगळी गल्ली जागी झाली. मास्तर हात जोडून दारात आले, तेव्हा सावकाशने त्याची तार काढून टाकली. आता भोंगा शांत आहे आणि मास्तर परत माझ्याशी बोलायला लागले आहेत.

तुझा तक्ता दुपारभर बसून भरला, सोबत आहे. काही उत्तरं इथेच लिहिते, म्हणजे तुला वाचताना मजा येईल.

गाडीच्या ओळखीच्या खुणा? समोरून पाहिली तर तुझ्यासारखी दिसते. एक दिवा जरा बारीक आणि तोंड कायम चढलेलं.

ड्रायव्हरच्या सचोटीला दहापैकी गुण? हे मी कोरं सोडलं आहे. ज्याने तुझ्या दाजींना शेवटच्या दिवसांत उचलून गाडीत बसवलं, नुसतं बसायची इच्छा होती म्हणून, त्याला मी गुण द्यायची नाही.

गाडी सर्वांत जास्त वेळ एकटी केव्हा असते? रविवारी. येत्या रविवारी तर अगदीच. शनिवारी माझं डोळ्याचं ऑपरेशन आहे, सोमवारी सकाळी घरी सोडतील. सावकाश लेकीकडे जाणार. मास्तर दुपारी झोपले की भोंग्याशिवाय उठत नाहीत.

आपल्याला सर्वांत जास्त धोका कोणापासून वाटतो? तुझ्या प्रश्नांपासून.

ऑपरेशनच्या वेळी येतो म्हणाला होतास. रविवारी दुकान बंद असतं, जमलं तर ये. नाही आलास तरी बिघडत नाही, नर्स आहे.

तुझी ताई

---

ता. २४ मार्च

भाऊ,

गाडी गेली.

काल एका डोळ्यावर पट्टी बांधून रिक्षातून उतरले तर फाटक नीट लावलेलं होतं आणि आत काही नव्हतं. जिथे गाडी उभी असते तिथे चाकांचे खड्डे तेवढे राहिले आहेत. मी एका डोळ्याने किती वेळ त्यांच्याकडे बघत उभी होते कुणास ठाऊक. शेवटी मास्तरांनी खुर्ची आणून दिली.

तुझी तिन्ही कुलपं पायरीवर ओळीनं मांडून ठेवलेली होती. फुटलेली नाहीत. तू ह्यातला जाणता, तूच सांग, कशी उघडली असतील.

सावकाश आला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "रविवारी दुपारी तू कुठे होतास?" खिशातून किल्ली काढून त्याने टेबलावर ठेवली आणि चालत घरी गेला. नेहमीपेक्षा भराभर चालला.

रविवारी तू आला नाहीस. काही काम निघालं असेल.

ताई

---

ता. २५ मार्च

ती. ताईस नमस्कार,

पत्र वाचून फार वाईट वाटलं. मी बजावलं नव्हतं का? पण ही वेळ तसं म्हणायची नाही, म्हणून म्हणत नाही.

आता डोकं शांत ठेवून विचार कर. एकही कुलूप फुटलेलं नाही, ह्यावरून माल काय दर्जाचा होता हे सिद्ध झालं. समोरच्याचं कुलूप असतं तर तुला तुकडेच सापडले असते. म्हणजे चोराने ती किल्लीनेच उघडली. किल्ल्या कुणाकडे होत्या? तुझ्याकडे, ड्रायव्हरकडे आणि माझ्याकडे. तू इस्पितळात होतीस. माझा प्रश्नच येत नाही. राहिलं कोण? आणि जो निरपराध असतो तो किल्ली टाकून निघून जातो का? बस, त्याला पोलिसांत दे. निदान कामावरून काढ. गल्लीत चारचौघांना सांग, म्हणजे त्याला पुढे कुणी गाडी देणार नाही.

ह्यातही एक मार्ग आहे. खडीवाला अजून तयार आहे. गाडी नसली तरी नुसती कागदपत्रं घ्यायला तो राजी आहे. गाडी सापडली तर त्याचं नशीब, असं म्हणतो. असा माणूस शोधून मिळायचा नाही. कागदांवर सह्या करून दूधगाडीवाल्याकडे दे. मागची खोली झाडून घेतली आहे. तू आलीस तर घरात सोबत होईल.

रविवारी मी यायला निघालोच होतो, पण तब्येत बिघडली.

तुझा,
भाऊ

---

ता. २८ मार्च

चि. भाऊस आशीर्वाद,

तू म्हणतोस ते सगळं विचारात घेतलं. चौकीत जाऊन आले. अर्जात 'संशयित' असा रकाना असतो. तिथपर्यंत लिहिलं आणि अर्ज घरी घेऊन आले. तुझ्यासारखा माणूस रकाना मोकळा ठेवू नकोस म्हणतो, म्हणून नीट विचार करून भरणार आहे.

उद्या रविवारी दुपारी निवांत बसून कागदांचं बघते. तूही माझ्यापायी धावपळ करून दमला असशील. उद्या दुपारी जेवून चांगली झोप काढ. दुकान बंदच असतं, उगाच मागे गोदामात वगैरे जाऊन खोकी उचलत बसू नकोस. तब्येत बरी नाही ना तुझी.

वहिनीसाठी वेगळी चिठ्ठी दिली आहे. स्वेटरच्या विणीबद्दल आहे, तू वाचून उपयोग नाही.

तुझी ताई

---

ता. ३० मार्च

ताई,

घात झाला. हे पत्र वाचून लगेच फाडून टाक.

तुला काही सांगायचं आहे ते आधी पूर्ण ऐकून घे. मध्ये बोलू नकोस. गाडी मी नेली होती. चोरली नव्हती, सुरक्षित जागी हलवली होती. त्या रविवारी मी बसने आलो, तुझ्या किल्लीने गाडी काढली आणि दुकानामागच्या गोदामात आणून ताडपत्रीखाली ठेवली. तुझी गाडी किती सहज जाऊ शकते हे तुला समजावं, एवढाच हेतू होता. तू समजुतीने विकायला तयार झालीस की मी सगळं सांगणार होतो. खडीवाल्याने बारा फाटकांच्या कुलपांचं काम मला देतो म्हटलं होतं, पण तो मुद्दा वेगळा आहे.

काल दुपारी मी जेवून झोपलो. पाच वाजता उठून गोदामाकडे गेलो तर ताडपत्री नीट घडी घालून ठेवलेली, आणि गाडी नाही! खरोखरच चोरीला गेली, ताई. गोदामाला सात कुलपं होती. सातही माझ्या हातची. किल्ल्या माझ्या कपाटात, कपाटाला कुलूप, त्या कुलपाची किल्ली उशीखाली. घरात तुझ्या वहिनीशिवाय चिटपाखरू नव्हतं आणि ती बिचारी स्वेटर विणत बसली होती.

मला रात्रभर झोप नाही. चौकीत जाऊन काय सांगू? नेलेली गाडी कुणीतरी नेली? तिथे मला विचारतील, तुम्ही कुणाची नेली होती? समोरचा कुलूपवाला काल फळीवर बसून उगाच हसत होता.

आणि एक गोष्ट मला कळतच नाही. सातही कुलपं पायरीवर ओळीनं मांडलेली होती. प्रत्येकात तेलाचा थेंब घातलेला, पुसलेली, आणि बंद केलेली. इतका शिस्तीचा चोर मी तीस वर्षांच्या धंद्यात पाहिला नाही.

तुझी माफी मागतो. पण आता करायचं काय ते सांग. दाजींची गाडी होती गं ती.

भाऊ

---

ता. ३१ मार्च

भाऊ,

पत्र फाडलं नाही. ट्रंकेत ठेवलं आहे, सगळ्यांत वर.

गाडी दारात आहे. मी हे लिहिते आहे तेव्हा खिडकीतून दिसते आहे, आणि आता दोन्ही डोळ्यांनी दिसते आहे. तू घरी नेऊन तिची धूळ पुसलीस, तेवढ्याबद्दल आभार.

तुला वाटलं असेल तुझी चोरी फार हुशारीची होती. अरे, सोमवारी संध्याकाळी मी पायरीवरची कुलपं आत न्यायला उचलली तर हात बुळबुळीत झाले. एक डोळा बांधलेला होता, पण बोटं शाबूत होती. शिलाई मशीनचं तेल. पुसलेली कुलपं. बंद केलेली कुलपं. दुसऱ्याची गाडी पळवून नेताना, कुणी बघेल म्हणून जीव मुठीत धरून उभा असताना, जो माणूस थांबून तीन कुलपांत तेल घालतो आणि फडक्याने पुसतो, तो जगात एकच आहे आणि त्याला मी लहानपणी नाक पुसायला शिकवलं आहे. मंगळवारी तुला पत्र लिहिलं तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. तरी वाटलं, हा स्वतःहून सांगेल. तू काय सांगितलंस? तब्येत बिघडली.

ताडपत्रीचं दूधगाडीवाल्याने सांगितलं. तुझी पत्रं आणायला तो मागच्या दारानेच येतो ना. रस्त्यावरच्या माणसांना ताडपत्रीखालची गाडीही ओळखू येते, त्यांचा जन्म त्यात गेला. खडीवाल्याचीही त्यालाच खबर होती. चार ड्रायव्हरांपुढे तो बोलून बसला होता की ट्रक आपलाच झाला, बहिणीची सही तेवढी राहिली आहे.

उशीखालची किल्ली वहिनीने काढली. माझ्या चिठ्ठीला तिने एका ओळीचं उत्तर पाठवलं होतं : "ताई, येऊ नका, इथे साखरेच्या डब्यालाही कुलूप आहे." तू घोरायला लागल्यावर तिने स्वतः गोदाम उघडलं. तेल घालायची कल्पना तिचीच. सतरा वर्षं बघते आहे, म्हणाली, हात आपोआप गेला.

इथवर मी हसत लिहिलं. आता हसत नाही.

गाडी नेलीस, ते मी एक वेळ विसरेन. पण तुला माहीत होतं गाडी कुठे आहे. ती तुझ्या भिंतीमागे उभी होती आणि तू मला लिहीत होतास, सावकाशला पोलिसांत दे. चारचौघांना सांग, म्हणजे त्याला कुणी गाडी देणार नाही. ते लिहिताना तुझी एक ओळ तरी वाकडी कशी झाली नाही? अक्षर तर नेहमीपेक्षा चांगलं आहे.

आणि मीही काही मोठी धुतल्या तांदळासारखी नाही. दुपारी कुठे होतास, असं मी त्याला विचारलं. त्याची नजर मला अजून दिसते. तेल हाताला लागलं तशी मी पट्टी बांधलेलीच त्याच्या खोलीवर गेले. दारात उभी राहून चुकले म्हणाले. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. मग म्हणाला, "बाई, तीस वर्षांत मी कुणाला मागे टाकलं नाही. तुमची गाडी घेऊन पुढे कुठे जाणार होतो?" मला तिथेच रडू आलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने रडायचं नसतं म्हणे. डॉक्टरला सांगितलं नाही.

गाडी तोच घेऊन आला. दीड तासाच्या रस्त्याला चार तास लावले. मी फाटकात उभी होते. इतका वेळ लागतो म्हटल्यावर मला खात्री पटली की तोच चालवतो आहे.

'संशयित' रकाना अजून कोरा आहे. तो तसा राहावा असं वाटत असेल तर येत्या रविवारी ये, पत्र पाठवू नकोस. सावकाशच्या दारात उभा राहून स्वतःच्या तोंडाने सांग काय केलंस ते. आणि माझी किल्ली परत पाठव.

ताई

---

ता. ३ एप्रिल

ती. ताईस साष्टांग नमस्कार,

किल्ली पाठवतो आहे. पाकिटात दोन आहेत. एक तू दिलेली. दुसरी मी करून घेतली होती. किल्ली हातात आली की तिची जोडी करून ठेवतो, तो माझ्या हाताचा गुण आहे, त्यात वाईट हेतू नव्हता. आता वाटतं, होता.

खडीवाल्याला नकार कळवला. साखरेच्या डब्याचं कुलूप काढलं. काल बिनकुलपाचा चहा झाला. तुझी वहिनी अजून बोलत नाही, पण कप आपटला नाही.

रविवारी येतो. काय बोलायचं ते सुचत नाही, आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. त्या तक्त्यात ड्रायव्हरच्या गुणांचा रकाना तू कोरा ठेवला होतास. मी तिथे दहा लिहिले आहेत. ते दाखवू का त्याला, की अजून वाईट दिसेल?

तुझा,
भाऊ

---

ता. ४ एप्रिल

चि. भाऊस आशीर्वाद,

तक्ता घरीच ठेव.

दोन्ही किल्ल्या मिळाल्या. खिळ्याला टांगल्या आहेत. त्या आता कशालाच लागत नाहीत. गुरुवारी गाडीचं कुलूप बदलून घेतलं. तुझ्या समोरच्या दुकानदाराला बोलावलं होतं. बिचारा दूधगाडीतून आला, अर्ध्या तासात काम केलं, तेलबिल काही घातलं नाही, प्रश्न एकही विचारला नाही. नव्या किल्ल्या दोन आहेत. एक माझ्याकडे, दुसरी सावकाशच्या घरी त्याच्या बायकोकडे. जाताना दुकानदाराने तुझी चौकशी केली. म्हटलं, बरा आहे, रविवारी येतो आहे.

तुझी तिन्ही कुलपं परत पायरीवर मांडली आहेत. मुद्दाम उघडी ठेवली आहेत. येशील तेव्हा तुझा हात शिवशिवेल, पण आधी सावकाशकडे जाऊन ये, मग त्यांना हात लाव.

फाटक उघडं असेल. जेवायला थांब.

तुझी ताई